समुद्राखालच्या तेलाचा कायदा आणि मुंबईची वकिली

महाराष्ट्रात जमिनीखालच्या खनिजाचा मालक एक आणि समुद्राखालच्या खनिजाचा मालक दुसरा आहे. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या रांगेतला काळा दगड फोडायचा असो की नदीपात्रातली वाळू उपसायची असो, परवाना महसूल खात्याकडून घ्यावा लागतो आणि स्वामित्वधन राज्याकडे भरावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ४८व्या कलमाने खनिजांवरचा हक्क राज्य सरकारकडे ठेवला आहे. बालाघाटातला हाच दख्खनचा बेसॉल्ट पश्चिमेला अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेला आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ज्या चुनखडकात तेल सापडले, त्याच्या खालीही तो आहे. मात्र तिथल्या खनिजावर महाराष्ट्राचा रुपयाचाही हक्क नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ ने समुद्राखालची सगळी खनिजे केंद्राच्या स्वाधीन केली आहेत. या तरतुदीच्या आधारावर गेल्या पन्नास वर्षांत मुंबईत वकिलीची एक स्वतंत्र शाखा वाढली. सागरी तेल आणि वायू यांचे करार, कर, अपघात आणि लवाद हे तिचे क्षेत्र आहे.

१९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा अनुच्छेद २९७ मध्ये फक्त प्रादेशिक जलधीखालच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्याखालच्या जमिनीचा उल्लेख होता. दूरच्या समुद्राच्या तळावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तेव्हा जगभर नवा होता. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी २८ सप्टेंबर १९४५ रोजी घोषणा करून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्रबूड जमिनीतल्या साधनसंपत्तीवर आपल्या देशाचा हक्क सांगितला, आणि पाठोपाठ इतर देशांनीही तसेच दावे केले. भारताने ३० ऑगस्ट १९५५ रोजी राष्ट्रपतींच्या उद्‍घोषणेने आपल्या समुद्रबूड जमिनीवर हक्क जाहीर केला. १९५८ च्या जिनिव्हा परिषदेने या कल्पनेला आंतरराष्ट्रीय कराराचे रूप दिले. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ‘समुद्रबूड जमीन’ अनुच्छेद २९७ मध्ये आली. भारताचे प्रादेशिक पाणी १९५६ मध्ये सहा सागरी मैलांचे होते, ते १९६७ मध्ये बारा मैलांचे झाले. बारा सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. मुंबईचे तेल त्याच्या कितीतरी पलीकडे, सुमारे ८६ सागरी मैलांवर निघाले.

केंद्र की राज्य हा वाद अमेरिकेत मोठा गाजला. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाविरुद्धच्या खटल्यात समुद्राखालचे तेल संघराज्याचे ठरवले. १९५३ मध्ये काँग्रेसने कायदा करून बहुतेक किनारी राज्यांना पहिल्या तीन मैलांपुरता हक्क परत दिला आणि त्यापुढचा पट्टा संघराज्याकडे ठेवला. भारताच्या घटनाकारांनी हा वाद उद्‍भवण्याआधीच मिटवला. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे न्यायालयांचा वेळ वाचला, हे खरे. पण त्याची किंमत किनारी राज्यांनी मोजली, हेही तितकेच खरे. गुजरात आणि आसाममधल्या जमिनीवरच्या तेलविहिरींचे स्वामित्वधन त्या राज्यांना मिळते. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचे मात्र केंद्राला जाते. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते किनाऱ्यावरचे उद्योग, म्हणजे उरणचा तेल-वायू प्रकल्प, तिथले वायूवर चालणारे वीजकेंद्र आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना. राज्याला यात न्याय मिळाला असे म्हणणे अवघड आहे. पण घटनेचा मजकूर इतका स्पष्ट आहे की या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात मिळणार नाही, ते राजकारणातूनच मिळू शकते.

तेल शोधण्याचा आणि काढण्याचा मूळ कायदा १९४८ चा आहे. आधी तो सगळ्याच खनिजांसाठी होता. १९५७ मध्ये इतर खनिजांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा हा तेलापुरता उरला आणि ‘तेलक्षेत्रे (नियमन व विकास) अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याखाली १९५९ मध्ये पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियम आले. त्यांच्यानुसार जमिनीवर शोधाचा परवाना आणि खननाचा भाडेपट्टा केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्य सरकार देई. समुद्रात ही दोन्ही कागदपत्रे थेट केंद्र सरकारकडून मिळत. या क्षेत्रातल्या वकिलाला प्रत्येक प्रकरणात आधी हेच पाहावे लागते की परवाना कोणाच्या नावावर आहे, कोणत्या क्षेत्रासाठी आहे आणि किती मुदतीचा आहे. पुढचे सगळे करार त्या परवान्यावर उभे असतात.

तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ मध्ये झाली आणि १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. केशवदेव मालवीय यांनी या आयोगाचा पाया घातला. तेलाचा धंदा परदेशी कंपन्यांच्या हाती न सोडता देशाने स्वतः करावा, हा त्यांचा आग्रह होता. १९५८ मध्ये खंभात भागात लुणेजला तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. साठच्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत जहाज ‘अकादेमिक आर्खांगेल्स्की’ने खंभातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात भूकंपलहरींच्या साहाय्याने तळाची पाहणी केली. १९७० मध्ये खंभातच्या आखातात आलिया बेटाजवळ समुद्रातली पहिली विहीर खोदली गेली. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा तळावर पाय टेकून उभा राहणारा रिग १९७३ मध्ये आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने खोदलेल्या मुंबई हायच्या विहिरीत तेल लागले. उत्पादन सुरू झाले २१ मे १९७६ रोजी. सुरुवातीला तेल टँकरने किनाऱ्यावर येई. १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले. १९८९-९० च्या सुमारास मुंबई हाय वर्षाला जवळपास दोन कोटी टन तेल देत होते. देशाच्या एकूण उत्पादनातला निम्म्याहून अधिक वाटा त्याचा होता.

कायद्याच्या दृष्टीने १९७६ हे वर्ष फार महत्त्वाचे ठरले. तेल वाहू लागल्यावर सहाच दिवसांनी, २७ मे रोजी, चाळिसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अनुच्छेद २९७ मध्ये ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’ दाखल झाले. ऑगस्टमध्ये सागरी क्षेत्रांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने बारा सागरी मैलांचे प्रादेशिक पाणी, चोवीस मैलांचे संलग्न क्षेत्र, दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र आणि समुद्रबूड जमीन यांच्या मर्यादा ठरवल्या. समुद्राच्या कायद्याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८२ मध्ये झाला आणि भारताने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. म्हणजे भारताचा कायदा आंतरराष्ट्रीय कराराच्या सहा वर्षे आधी तयार होता. याचे श्रेय मुंबई हायला द्यावे लागेल. विहीर समोर उभी असताना दिल्लीला थांबून राहणे परवडले नसते.

याच सुमारास मुंबईच्या वकिलीची जुनी व्यवस्था मोडत होती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिलीचे दोन भाग होते. अ‍ॅटर्नी, म्हणजेच सॉलिसिटर, पक्षकाराला भेटे, कागद तयार करी, दावा दाखल करी आणि कौन्सिलकडे ब्रीफ पाठवी; न्यायाधीशांपुढे युक्तिवाद कौन्सिल करी. पक्षकार थेट कौन्सिलकडे जात नसे. फोर्टमधल्या क्रॉफर्ड बेली, लिटल अँड कंपनी, मुल्ला अँड मुल्ला अशा जुन्या पेढ्या याच व्यवस्थेत वाढल्या. मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झालेले बाळ गंगाधर खेर हे पेशाने सॉलिसिटर होते आणि ‘मणिलाल खेर’ या पेढीच्या नावात त्यांचे आडनाव होते. मुफसल भागात ही विभागणी कधीच नव्हती. तेव्हाच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, न्यायालयात एकच वकील पक्षकाराची कैफियत ऐके, अर्ज लिही आणि उभा राहून बोलेही. निजामाच्या राज्यात हे काम उर्दूत चाले आणि अपील हैदराबादच्या उच्च न्यायालयात जाई. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आला, तेव्हा तिथल्या वकिलांना मुंबईचे उच्च न्यायालय आपले झाले. ‘अ‍ॅटर्नी’ हा वेगळा वर्ग कायद्याच्या भाषेतून १ जानेवारी १९७७ पासून संपला. अ‍ॅडव्होकेट्स अधिनियमातल्या दुरुस्तीने सगळे अ‍ॅडव्होकेट झाले. सॉलिसिटरची परीक्षा मात्र बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही घेते, आणि कागदावर बारकाईने काम करणारा वकील या अर्थाने ‘सॉलिसिटर’ हे नाव फोर्टमध्ये टिकून आहे. तेलाच्या कामाला नेमकी हीच सवय लागते. या क्षेत्रातले बहुतेक काम न्यायालयाबाहेर, दोनशे-तीनशे पानांच्या करारांच्या मसुद्यात असते.

समुद्रातल्या वकिलीचा सर्वांत कठीण प्रश्न एकच आहे. भारताचा कोणता कायदा तिथपर्यंत पोहोचतो? समुद्रात उभारलेला तेलाचा फलाट कोणत्याही जिल्ह्यात नसतो. त्याला तालुका नाही, तलाठी नाही, सात-बारा नाही. अनन्य आर्थिक क्षेत्र ही भारताची भूमी नाही. तिथे भारताला साधनसंपत्तीपुरते सार्वभौम हक्क आहेत. म्हणून १९७६ च्या कायद्याने केंद्राला अधिकार दिला की हवा तो भारतीय कायदा अधिसूचना काढून या क्षेत्राला लागू करावा. त्यानंतर एकेक कायदा समुद्रात उतरला. २७ ऑगस्ट १९८१ च्या अधिसूचनेने भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता अनन्य आर्थिक क्षेत्राला लागू झाल्या. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सुरू झाले आणि उस्मानाबादच्या पक्षकाराचा मुंबईपर्यंतचा फेरा वाचला. १ एप्रिल १९८३ पासून आयकर कायदा समुद्रबूड जमिनीला आणि आर्थिक क्षेत्राला लागू झाला. सीमाशुल्काचा कायदाही त्याच दशकात फलाटांच्या परिसरापर्यंत नेला गेला. प्रत्येक अधिसूचनेची तारीख, तिच्यातल्या हद्दी आणि अपवाद पाठ असणे हे या वकिलाचे खरे भांडवल आहे. एखादा फलाट अधिसूचनेने ठरवलेल्या ‘निर्दिष्ट क्षेत्रा’च्या आत आहे की बाहेर, यावर कोट्यवधींचा कर ठरतो.

करांचे खटले या क्षेत्रात सर्वाधिक चालले. परदेशी कंपनीचा रिग काही महिन्यांसाठी येतो, विहीर खोदून निघून जातो. तिचा नफा मोजायचा कसा? १९८७ च्या वित्त अधिनियमाने ४४बीबी हे कलम आणले आणि ते १९८३ पासून लागू केले. तेलाच्या शोधाला सेवा किंवा यंत्रे पुरवणाऱ्या परदेशी कंपनीच्या एकूण पावतीचा दहा टक्के भाग नफा मानायचा, असा सोपा हिशेब त्याने घालून दिला. पण कोणती सेवा या कलमात बसते आणि कोणती ‘तांत्रिक सेवा’ म्हणून वेगळ्या दराने मोजायची, यावर तीसेक वर्षे वाद चालला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या (पूर्वीच्या आयोगाच्या) प्रकरणात कराराचे मुख्य स्वरूप पाहण्याची कसोटी लावली आणि तेल काढण्याशी थेट जोडलेल्या कामांना ४४बीबी लागू केले. दुसरा महत्त्वाचा निकाल २००७ चा, ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजचा. फलाटाचे सांगाडे कोरियात बनले आणि मुंबईसमोरच्या समुद्रात बसवले गेले. कोरियात झालेल्या कामाचा नफा भारतात करपात्र नाही, असा निर्णय न्यायमूर्ती कपाडिया यांनी दिला. २००८ मध्ये अबान लॉइडच्या प्रकरणात रिगच्या मालकांचा दावा होता की त्यांचे रिग परदेशगामी जहाजे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर वापरलेल्या मालावर सीमाशुल्क लागू नये. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निर्दिष्ट क्षेत्रात खोदकाम करणारा रिग सीमाशुल्कापुरता भारतातच आहे, असे ठरले.

करारांची भाषा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रिग ‘डे-रेट’ने, म्हणजे दिवसाच्या भाड्याने घेतला जातो. त्यामुळे रिग काम करत असतानाचा दर, वादळामुळे थांबलेला असतानाचा दर आणि बिघाडामुळे बंद असतानाचा दर वेगवेगळे ठरवावे लागतात. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर पावसाळ्याचे वारे असतात. फलाट बसवणे, नळ टाकणे ही कामे त्या काळात जवळपास थांबतात. म्हणून करारातल्या मुदती पावसाळ्याच्या आधीच्या तारखांना बांधलेल्या असतात, आणि मे महिन्यातली आठ दिवसांची दिरंगाई पुढे चार महिन्यांचे नुकसान करू शकते. जबाबदारीचे कलम याहून वेगळे आहे. सामान्य कायद्यात चूक करणारा भरपाई देतो. तेलाच्या धंद्यात ‘नॉक फॉर नॉक’ नावाची पद्धत जगभर रूढ आहे. ज्याचा माणूस जखमी झाला आणि ज्याचे यंत्र बुडाले, त्याचे नुकसान त्यानेच सोसायचे, चूक कोणाचीही असो. एका फलाटावर एकाच वेळी डझनभर कंत्राटदार काम करत असतात. प्रत्येकाने प्रत्येकाविरुद्ध दावा लावला तर विम्याचा हप्ता कोणालाच परवडणार नाही, म्हणून ही रीत आली. वकिलाचे कौशल्य तिच्या अपवादांत दिसते. जाणूनबुजून केलेला बेजबाबदारपणा, प्रदूषण, विहिरीवरचे नियंत्रण सुटणे हे कोणाच्या माथी, ते आधीच लिहून ठेवावे लागते. परदेशी ध्वजाचे जहाज भारतीय पाण्यात लावायचे तर नौवहन महासंचालकांचा परवाना लागतो. त्यांचे कार्यालयही मुंबईतच आहे.

मोठे वाद लवादाकडे जातात. भारताच्या लवाद-कायद्यातले काही प्रसिद्ध निवाडे तेलाच्या कंत्राटांतून आले, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. सॉ पाइप्सचा २००३ चा निकाल त्यांतला पहिला. समुद्रातल्या विहिरींसाठी लागणाऱ्या केसिंग पाइपांचा पुरवठा उशिरा झाला, कारण युरोपातल्या पोलाद कारखान्यांत संप होता. करारात आठवड्याला एक टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के नुकसानभरपाई ठरलेली होती. महामंडळाने ती बिलातून कापून घेतली. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाले नाही म्हणून लवादाने ती रक्कम परत द्यायला सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. उघड बेकायदा निवाडा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असतो, असे तत्त्व मांडले गेले, आणि लवादाच्या निवाड्यांना आव्हान देण्याची वाट एकदम रुंद झाली. २०१४ च्या वेस्टर्न जेको प्रकरणात ती आणखी रुंद झाली. महामंडळाच्या ‘सागर संधानी’ या सर्वेक्षण जहाजावर पाण्याखालचे आवाज टिपणारे हायड्रोफोन बसवायचे होते, अमेरिकेने निर्यात-परवाना नाकारला आणि काम लांबले. या खटल्यात न्यायालयाने निवाड्याच्या तर्कशुद्धतेचीही तपासणी करता येईल असे ठरवले. २०१५ मध्ये संसदेने लवाद कायद्यात दुरुस्ती करून ही वाट पुन्हा अरुंद केली, आणि ते योग्यच झाले. प्रत्येक निवाडा पुन्हा न्यायालयात नव्याने लढायचा असेल तर लवादाला अर्थ राहत नाही. २०२२ मध्ये महामंडळ विरुद्ध अ‍ॅफकॉन्स गुनानुसा या खटल्यात लवादांच्या मानधनाचा प्रश्न सुटला. लवादांनी आपले शुल्क एकतर्फी ठरवू नये, ते दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरावे, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. मुळात वाद होता तो समुद्रातला एक फलाट बांधण्याच्या २००९ च्या कंत्राटाचा.

खासगी कंपन्या मुंबईच्या समुद्रात आल्या त्या १९९० नंतर. त्याआधी १९७४ मध्ये कच्छ आणि बंगालच्या समुद्रात परदेशी कंपन्यांना क्षेत्रे दिली गेली होती, पण त्या तेल न सापडता परत गेल्या. डिसेंबर १९९४ मध्ये पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या क्षेत्रांचे उत्पादन-वाटपाचे करार झाले. त्यात महामंडळाचा वाटा ४० टक्के, रिलायन्स आणि एन्रॉनचा प्रत्येकी ३० टक्के. एन्रॉन बुडाल्यावर तिचा वाटा २००२ मध्ये ब्रिटिश गॅसने घेतला. सरकारने ही क्षेत्रे देताना गैरव्यवहार केला, असा आरोप करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळली. उत्पादन-वाटपात आधी कंपनी आपला खर्च तेलातून वसूल करते आणि उरलेले तेल सरकार आणि कंपनी ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात. खर्च किती दाखवायचा, यावरच भांडण होते. ताप्तीसाठी खर्चवसुलीची मर्यादा ५४ कोटी ५० लाख डॉलर होती, पन्ना-मुक्तासाठी ५७ कोटी ७५ लाख डॉलर. कंपन्यांना ती वाढवून हवी होती. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी लवाद सुरू केला. करारात लवादाचे ठिकाण लंडन होते. भारत सरकारच्या तेलाविषयीच्या वादाची सुनावणी इंग्लंडमध्ये का व्हावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला. मे २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारने स्वतः लंडन आणि इंग्लंडचा कायदा मान्य केला आहे, म्हणून निवाड्याला आव्हानही तिथेच द्यावे लागेल. तेलक्षेत्राचा करार भारतीय कायद्याखाली आणि लवादाचे कलम इंग्रजी कायद्याखाली असू शकते, ही बाब या निकालानंतर प्रत्येक मसुदाकाराच्या मनावर ठसली. पंचवीस वर्षांची मुदत संपल्यावर, डिसेंबर २०१९ मध्ये, पन्ना-मुक्ता महामंडळाकडे परत आले.

अनुच्छेद २९७ चा सर्वांत सविस्तर अर्थ मात्र पूर्व किनाऱ्याच्या वायूवरून लागला, आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयात लढला गेला. २००५ मध्ये अंबानी बंधूंनी उद्योग वाटून घेतले तेव्हा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू धाकट्या भावाच्या कंपनीला दर दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांमागे २.३४ डॉलर या भावाने, सतरा वर्षे द्यायचा, असे ठरले होते. सरकारने मात्र ४.२० डॉलरचा भाव मंजूर केला. जून २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धाकट्या भावाच्या बाजूने निकाल दिला. ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वायू देशाचा आहे, सरकार तो जनतेच्या वतीने सांभाळते, म्हणून त्याचा भाव आणि वाटप दोन कुटुंबीयांच्या कराराने ठरणार नाही, असे त्याचे सार आहे. समुद्राखालच्या संपत्तीवर देशातल्या सगळ्या नागरिकांचा सारखाच हक्क आहे, हे या निकालाने ठामपणे नोंदवले. समुद्र न पाहिलेल्या धाराशिवच्या शेतकऱ्याचाही त्यात वाटा आहे.

जहाजाला अटक करण्याची वकिली या शाखेला चिकटून आहे. इंधनाचे, दुरुस्तीचे किंवा खलाशांच्या पगाराचे पैसे थकले तर उच्च न्यायालयाकडून जहाजच अडवता येते. मुंबईत त्या हुकमाची बजावणी शेरीफच्या कार्यालयाकडे असते. हा अधिकार फार काळ १८६१ आणि १८९० च्या ब्रिटिश कायद्यांवर चालला. १९८४ मध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघालेल्या ‘एलिझाबेथ’ जहाजावरच्या मालाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की भारताची उच्च न्यायालये जुन्या इंग्रजी कायद्यांच्या चौकटीत अडकलेली नाहीत. शेवटी २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आला आणि १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. त्याने ‘जहाज’ या शब्दाच्या व्याख्येत सागरी उद्योगाच्या फिरत्या यंत्रणेचाही समावेश केला. रिग हे जहाज आहे की नाही, हा जुना वाद अटकेपुरता तरी त्यामुळे निकाली निघाला.

या सगळ्या कलमांचा खरा अर्थ अपघाताच्या वेळी कळतो. २६ जुलै २००५ च्या महापुराने मुंबई ठप्प झालेली असताना, दुसऱ्या दिवशी दुपारी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाजवळ आले. जहाजावरच्या एका जखमी माणसाला उपचारासाठी फलाटावर चढवायचे होते. उसळत्या समुद्रात जहाज फलाटाला धडकले, वायू वाहून नेणारा उभा नळ फुटला आणि आग लागली. दोन तासांत फलाट कोसळला. साडेतीनशेहून अधिक माणसे वाचली, बावीसजण गेले. नळ बाहेरच्या बाजूला, जहाजाची धडक बसेल अशा ठिकाणी का होता, वाईट हवामानात जहाज त्या बाजूने का आणले, हे प्रश्न चौकशीत आले, आणि ते अभियंत्यांइतकेच वकिलांचेही होते. समुद्रातल्या सुरक्षेसाठी तोवर स्वतंत्र नियमच नव्हते. ते २००८ मध्ये आले. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला तपासणीचा अधिकार मिळाला आणि प्रत्येक फलाटाला धोक्यांचा लेखी अभ्यास सादर करणे बंधनकारक झाले. बावीस माणसांचा जीव गेल्यावर हे नियम यावेत, ही गोष्ट या कायद्याच्या इतिहासात विसरता येत नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, तरी सत्तरहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. गुन्हा नोंदला गेला तो मुंबई बंदराजवळच्या यलोगेट पोलीस ठाण्यात. खोल समुद्रातल्या मृत्यूची फिर्याद त्या ठाण्यात नोंदता आली ती १९८१ च्या अधिसूचनेमुळे. मृतांत अनेकजण कंत्राटदारांच्या उपकंत्राटदारांकडे काम करणारे होते. अशा वेळी भरपाई कोणी द्यायची, मुख्य मालकाने, कंत्राटदाराने की जहाजाच्या विमा कंपनीने, हा प्रश्न मृताच्या घरच्यांसमोर पहिल्या दिवसापासून उभा असतो. समुद्रातल्या कायद्याचा सर्वांत तातडीचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. कंपन्यांच्या बाजूने काम करणाऱ्या मोठ्या पेढ्या पुष्कळ आहेत. बुडालेल्या वेल्डरच्या विधवेसाठी तराफ्याचा करार वाचू शकणारा वकील मात्र क्वचित मिळतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्यातून या क्षेत्रात जायचे तर वाट लांबची आहे, पण बंद नाही. विधी पदवीनंतर मुंबईच्या एखाद्या पेढीत उमेदवारी, जमल्यास सॉलिसिटरची परीक्षा, आणि मग करार, कर किंवा जहाजांच्या कामात चार-पाच वर्षे हा रूढ क्रम आहे. काहीजण तेल कंपन्यांच्या किंवा विमा कंपन्यांच्या विधी विभागात जातात, काही लवादाच्या कामासाठी लंडन-सिंगापूरकडे. २०१६ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास व्यापारी वादांसाठी उच्च न्यायालयात वेगळा विभाग आला, त्यामुळे मुंबईतच राहून हे काम करणे सोपे झाले. इंग्रजी अडसर वाटते, पण खरी अडचण धंद्याची ओळख नसण्याची असते. विहिरीचे केसिंग म्हणजे काय, उभा नळ कुठून कुठे जातो, पावसाळ्यात काय थांबते, हे कळल्याशिवाय कराराचे कलम समजत नाही. महामंडळाचा न्हावा इथला पुरवठा तळ आणि जुहूचा हेलिकॉप्टर तळ पाहिलेला वकील पुस्तकातून शिकलेल्यापेक्षा पुढे असतो.

आता कामाचे स्वरूप बदलते आहे. मुंबई हायचे उत्पादन एकेकाळच्या शिखरापेक्षा खूप उतरले आहे; ते वाढवण्यासाठी २०२५ मध्ये महामंडळाने बीपी या ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा तांत्रिक सेवेचा करार केला. त्यात क्षेत्राची मालकी महामंडळाकडेच राहते. त्याच वर्षी १९४८ चा अधिनियम दुरुस्त झाला. ‘खनिज तेला’ची व्याख्या विस्तारली, खननाच्या भाडेपट्ट्याऐवजी ‘पेट्रोलियम भाडेपट्टा’ आला, आणि नियमभंगासाठीची कैद जाऊन पंचवीस लाखांपर्यंतचा दंड आला. दुसरीकडे जुन्या सांगाड्यांची विल्हेवाट लावण्याचा काळ सुरू झाला आहे. त्या खर्चासाठी कंपन्यांनी आधीपासून पैसे बाजूला ठेवावेत अशी निधी-योजना १९९९ पासून आहे. ताप्तीतले पाच फलाट काढून टाकण्याचे काम हे अशा प्रकारचे देशातले पहिले काम ठरले. विहीर कायमची बुजवल्यावर तिच्यातून पुढे गळती झाली तर जबाबदार कोण, समुद्रतळावर सोडलेल्या नळाला मच्छीमाराचे जाळे अडकले तर भरपाई कोणाकडे मागायची, आणि फलाट उभारणारी कंपनी तोवर अस्तित्वातच नसेल तर काय, या प्रश्नांवरची कलमे आता नव्या करारांत लिहिली जात आहेत.